विश्लेषण : अंगठीसाठी हिरा किती मोठा, किती ‘शुद्ध’ घ्यायचा? लॅबग्रोनच्या स्वस्ताईने गणित कसं बदललं?

काही वर्षांपूर्वी साखरपुड्यात मुलीच्या बोटात एक कॅरेटचा हिरा दिसला, की मांडवात कुजबुज व्हायची. हिरा मोठा म्हणजे खर्च मोठा, हे समीकरण सगळ्यांना पाठ होतं. आज ते तुटलं आहे. एकाच बाजारपेठेत, समोरासमोरच्या दोन दुकानांत एक कॅरेटचे दोन हिरे मिळतात. दोन्हींची चमक सारखी, दोन्हींना प्रमाणपत्र. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या कित्येक पट. नुसत्या डोळ्यांनी त्यातला फरक सराफालाही सांगता येत नाही.

मग अंगठी घ्यायला निघालेल्या जोडप्याने नक्की काय पाहायचं? आकार, दर्जा, की प्रमाणपत्रावरची अक्षरं? आणि ‘ही तर गुंतवणूक आहे’ असं दुकानात सांगितलं गेलं, तर त्यावर किती विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न आत्ताच का आला?

जगातल्या दहापैकी साधारण नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात, त्यातही बहुतांश सुरतेत. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स हे या व्यापाराचं मोठं केंद्र. या मालाचा सर्वात मोठा ग्राहक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि हिरे उद्योगाला मोठा फटका बसला. परदेशातली मागणी डळमळली की उद्योगाचं लक्ष देशातल्या ग्राहकाकडे वळतं. सध्या हिऱ्यांच्या जाहिराती आणि सवलती जास्त दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरं कारण सोन्याचं. २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याने १ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. सोनं आवाक्याबाहेर गेल्यावर अनेक कुटुंबं कमी सोन्याच्या, १८ किंवा १४ कॅरेटच्या, हिरा जडवलेल्या अंगठीकडे वळू लागली.

तिसरं आणि सर्वात मोठं कारण म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला, म्हणजे लॅबग्रोन हिरा. खाणीतल्या हिऱ्यांच्या व्यापारातल्या ‘डी बीअर्स’ या बड्या कंपनीने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ हा लॅबग्रोन ब्रँड आणला, तेव्हा दर कॅरेटला ८०० डॉलर ठेवला होता. त्या काळात तो धक्कादायक स्वस्त वाटला. मे २०२५ मध्ये कंपनीने हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात दागिन्यांतल्या लॅबग्रोन हिऱ्यांचं मोल सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्याचं खुद्द कंपनीनेच सांगितलं.

भारतात चित्र उलटं आहे, इथे लॅबग्रोनला सरकारचंही पाठबळ आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात हे हिरे वाढवण्यासाठी लागणाऱ्या ‘बीजा’वरचं सीमाशुल्क काढून टाकलं गेलं. आयआयटी मद्रासला संशोधनासाठी पाच वर्षांत २४२ कोटी रुपये देण्याचं ठरलं. त्याच वर्षी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जिल बायडेन यांना ७.५ कॅरेटचा हिरवा लॅबग्रोन हिरा भेट दिला. टाटा समूहातल्या ‘ट्रेंट’नेही २०२४ मध्ये ‘पोम’ या नावाने या व्यवसायात पाऊल टाकलं.

लॅबग्रोन म्हणजे ‘अमेरिकन डायमंड’ का?

नाही. बाजारात ज्याला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात तो क्युबिक झिर्कोनिया हा वेगळाच पदार्थ आहे. मॉइसनाइटही वेगळा. दिसायला हिऱ्यासारखे असले, तरी ते हिरे नाहीत.

लॅबग्रोन हिरा मात्र खराखुरा हिरा असतो. तो शुद्ध कार्बनचाच, तितकाच कठीण आणि तसाच चमकणारा. फरक जन्माचा. खाणीतला हिरा जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत तयार होतो. प्रयोगशाळेतला प्रचंड दाब आणि तापमान देऊन (एचपीएचटी) किंवा कार्बनयुक्त वायूपासून थर चढवत (सीव्हीडी) काही आठवड्यांत घडवला जातो. दुकानातलं पेनासारखं साधं टेस्टर यंत्र दोघांनाही ‘हिरा’च म्हणतं. दोघांत फरक करायला प्रयोगशाळेतली खास उपकरणं लागतात.

ग्राहकाची फसवणूक होऊ शकते ती नेमकी इथे. भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या मानकानुसार नुसता ‘डायमंड’ हा शब्द फक्त नैसर्गिक हिऱ्यासाठी वापरायचा आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये उद्योगाशी बैठक घेऊन याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. त्यामुळे बिलावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅबग्रोन’ हा शब्द स्पष्ट लिहून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

कॅरेट मोठा म्हणजे हिरा मोठा का?

इथे मराठीत आणखी एक गोंधळ होतो. सोन्याचाही कॅरेट आणि हिऱ्याचाही कॅरेट. सोन्यात तो शुद्धता सांगतो. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं. हिऱ्यात तो वजन सांगतो. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट, म्हणून अर्ध्या कॅरेटला ‘५० सेंट’ म्हणतात.

वजन आणि दिसणारा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या घडणीचा गोल हिरा घेतला, तर ५० सेंटचा व्यास साधारण ५.२ मिलिमीटर असतो. एक कॅरेटचा ६.५ आणि दोन कॅरेटचा ८.२ मिलिमीटर. म्हणजे वजन दुप्पट केलं तर व्यास फक्त पाव भागाने वाढतो. किंमत मात्र नैसर्गिक हिऱ्यात दुपटीहून जास्त वाढते, कारण मोठा हिरा दुर्मीळ आणि म्हणून त्याचा दर कॅरेटमागेच चढा असतो.

हा चढ सरळ रेषेत नसतो. ५० सेंट, एक कॅरेट, दीड कॅरेट अशा ‘गोल’ आकड्यांवर दर उडी मारतो. त्यामुळे ९० सेंटचा हिरा बोटावर एक कॅरेटसारखाच दिसतो. व्यासातला फरक जेमतेम पाव मिलिमीटर. पण दोन्हींच्या दरात दिसण्यापेक्षा बराच मोठा फरक पडतो. नैसर्गिक हिरा घेणाऱ्याला पैसे वाचवण्याची ही सर्वात सोपी जागा.

आणखी एक सापळा ‘एक कॅरेटची अंगठी’ या शब्दांत आहे. वीस छोट्या हिऱ्यांचं मिळून वजन एक कॅरेट असेल, तरी ती ‘एक कॅरेटची अंगठी’च. एक कॅरेटचा एकच हिरा, म्हणजे सॉलिटेअर, तिच्यापेक्षा कितीतरी महाग असतो. दोन दुकानांतल्या किमतींची तुलना करण्याआधी वजन एका खड्याचं की सगळ्यांचं मिळून, हे विचारायला हवं.

मग पैसे आधी कशावर घालायचे?

हिऱ्याचा दर्जा चार गोष्टींवर ठरतो. वजन, घडण म्हणजे कट, रंग आणि स्वच्छता. अमेरिकेतली ‘जीआयए’ ही १९३१ मध्ये स्थापन झालेली संस्था. रंग आणि स्वच्छतेच्या तिनेच घडवलेल्या श्रेणी आज जगभर वापरल्या जातात.

या चौघांत सर्वात कमी चर्चा होते ती घडणीची, आणि डोळ्यांना सर्वात आधी जाणवते तीच. हिऱ्यात शिरलेला प्रकाश आत उलटसुलट फिरून पुन्हा वर आला, तर हिरा लखलखतो. पैलूंचे कोन चुकले तर प्रकाश तळातून निसटतो आणि मोठा, महागडा हिराही काचेच्या तुकड्यासारखा मंद दिसतो. गोल हिऱ्यासाठी हे कोन आणि प्रमाणं कशी असावीत, याचं गणित मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलं. आजच्या ५७-५८ पैलूंच्या गोल हिऱ्यामागे तोच विचार आहे.

खराब घडणीचा दुसरा तोटा खिशाला बसतो. पैलू पाडताना वजन वाचावं म्हणून हिरा तळाशी खोल ठेवला जातो. ते वजन अंगठीच्या आत लपतं. ग्राहक पैसे एक कॅरेटचे देतो, बोटावर मात्र ८५ सेंटचा हिरा दिसतो. यावर उपाय सोपा आहे. प्रमाणपत्रावर मिलिमीटरमध्ये मापं दिलेली असतात. एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास ६.४-६.५ च्या आसपास नसून ६.१ असेल, तर वजन कुठे गेलं हे समजतं. गोल हिऱ्यात घडणीची ‘एक्सलंट’ श्रेणी सोडून खाली उतरू नये, ही तडजोड सर्वात शेवटी करायची.

रंग आणि स्वच्छतेत कुठे थांबायचं?

रंगाची श्रेणी इंग्रजी ‘डी’ पासून सुरू होते आणि ‘झेड’ला संपते. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी, एच, आय, जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. त्यापुढे पिवळसर छटा वाढत जाते. पण ही श्रेणी ठरवताना तज्ज्ञ हिरा सुटा, उलटा ठेवून, ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून पाहतात. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली, हात हलत असताना, जी आणि ई मधला फरक कुणालाही दिसत नाही.

शिवाय हिरा कशात बसवायचा यावरही रंग ठरवावा लागतो. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच पुरेसा पांढरा दिसतो. पिवळ्या सोन्यात आय-जे सुद्धा खपून जातो, कारण सोन्याचा पिवळेपणाच हिऱ्यात उतरतो. पिवळ्या सोन्यात डी रंगाचा हिरा बसवणं म्हणजे न दिसणाऱ्या पांढरेपणाचे पैसे मोजणं.

स्वच्छतेचंही तसंच. ‘फ्लॉलेस’पासून व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय अशी उतरंड आहे. ही तपासणी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून होते. व्हीव्हीएसमधले डाग भिंगातूनही शोधावे लागतात. व्हीएसमधले साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. एसआयमध्ये मात्र खडा पाहून घ्यायला हवा. काळा डाग मधोमध असेल तर तो दिसतो, कडेला असेल तर अंगठीच्या काट्याखाली झाकला जातो. आय श्रेणीत डाग सहज दिसतात, काही वेळा हिऱ्याच्या टिकाऊपणालाही धोका असतो.

आपल्याकडच्या पेढ्यांवर ‘ईएफ-व्हीव्हीएस’ हा शब्द मानाचा आहे. तो दर्जा उत्तमच. पण बजेट ठरलेलं असताना ईएफ-व्हीव्हीएसचा हट्ट धरला, की आकार आणि घडणीवर कात्री लागते. नैसर्गिक हिऱ्यात जी-एच रंग आणि व्हीएस स्वच्छता हा बहुतेकांसाठी समतोल. त्यावरचे पैसे प्रमाणपत्रावरच्या अक्षरांसाठी जातात, डोळ्यांसाठी नाही.

लॅबग्रोनमध्ये तर या अक्षरांचं वजन आणखी घटलं आहे. बाजारात येणारे ९५ टक्क्यांहून अधिक लॅबग्रोन हिरे रंग आणि स्वच्छतेच्या अगदी अरुंद पट्ट्यातच बसतात, असं सांगत जीआयएने २०२५ मध्ये त्यांना डी, व्हीव्हीएस अशी श्रेणी देणं थांबवलं. आता ते ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच सांगतात. ‘आयजीआय’ ही दुसरी मोठी संस्था मात्र जुनीच पद्धत वापरते. त्यामुळे ‘आमचा लॅबग्रोन डी रंगाचा, व्हीव्हीएस आहे’ या दाव्याने हुरळून जायचं कारण नाही. शेजारच्या दुकानातलाही बहुधा तसाच असेल.

बोटावर किती मोठा शोभतो?

किती मोठा हिरा घ्यावा, याचा कोणताही नियम नाही. दोन महिन्यांचा पगार अंगठीवर खर्च करावा, हा अमेरिकेत रूढ झालेला ‘नियम’ मुळात १९८० च्या दशकातल्या डी बीअर्सच्या जाहिरातींतून आला. जपानमध्ये त्याच कंपनीच्या प्रचारात तो तीन महिन्यांचा झाला. रीत म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट जाहिरातीची ओळ आहे.

बोट बारीक असेल तर ५ मिलिमीटरचा हिराही भरदार दिसतो. रुंद बोटावर तोच हरवतो. अंडाकृती किंवा मार्कीज आकाराचा हिरा त्याच वजनाच्या गोल हिऱ्यापेक्षा मोठा भासतो आणि बोट लांब दिसतं. मधल्या खड्याभोवती बारीक हिऱ्यांचं कडं दिलं तरी तेच होतं.

अंगठी रोज घालायची असेल तर हाताला पडणारं कामही लक्षात घ्यायला हवं. उंच काट्यांवर बसवलेला मोठा हिरा कणीक मळताना भरतो, साडीत-केसांत अडकतो, बसमधल्या दांड्यावर आपटतो. हिरा कठीण असला तरी जोरात आपटला तर त्याचा टवका उडू शकतो, आणि काटा वाकला तर खडा पडतो. मोठा हिरा कपाटात आणि छोटा बोटात, असं अनेक घरांत होतं. रोजच्या वापरासाठी खडा खाली बसवलेली, किंवा भोवतीने सोन्याची कड दिलेली घडण जास्त टिकते. लॅबग्रोन स्वस्त झाल्याने दोन-तीन कॅरेटचा मोह होतो. तो घेण्याआधी त्याच आकाराची अंगठी दुकानात दहा मिनिटं घालून पाहिलेली बरी.

पैसे परत मिळतील का?

सोन्याची मोड करताना काय मिळतं, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. हिऱ्याचं तसं नाही. त्याला सोन्यासारखा रोज जाहीर होणारा एकच दर नसतो. परत घ्यायचा की नाही, घेतला तर किती कापायचे, हे पेढी ठरवते.

समजा, अंगठीचं बिल साधारण १ लाख रुपये झालं. त्यात हिरा ५५ हजारांचा, सोनं ३० हजारांचं, घडणावळ १२ हजार आणि ३ टक्के जीएसटीचे जवळपास ३ हजार. अंगठी दुसऱ्याच दिवशी परत नेली, तरी घडणावळ आणि कर मिळून १५ हजार गेलेच. सोनं त्या दिवसाच्या भावाने धरलं जाईल. हिऱ्यावर पेढी २० टक्के कापत असेल तर ४४ हजार हाती येतील. लॅबग्रोनसाठी परतीचा नियमच नसेल, तर या रकान्यात शून्य येऊ शकतं. शिवाय परतीची रक्कम खरेदीच्या किमतीवर काढणार की त्या दिवसाच्या दरावर, हे वेगळंच. दर घसरत असताना हा शब्दांचा फरक हजारोंचा होतो.

नैसर्गिक हिऱ्याला परतीची बाजारपेठ आहे, हे खरं. पण त्याचेही दर २०२२ नंतर खाली आले आहेत. म्हणून ‘लॅबग्रोनची किंमत शून्य होते, नैसर्गिक मात्र गुंतवणूक आहे’ यातलं पहिलं अर्धवट खरं आणि दुसरं बहुतांश विक्रीचं बोलणं. ज्या घराला हा पैसा अडीअडचणीला उपयोगी पडावा असं वाटतं, त्याने तो सोन्यात ठेवावा. अंगठीतला हिरा हौसेसाठी घ्यायचा. तेवढा पैसा परत येणार नाही असं धरून परवडत असेल, तरच तो परवडतो.

बिल आणि प्रमाणपत्रात काय तपासायचं?

हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. हिऱ्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेही दुकानाचं स्वतःचं नव्हे, तर स्वतंत्र प्रयोगशाळेचं. मोठ्या खड्यांच्या कडेवर प्रमाणपत्राचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. भिंगातून तो पाहून, संस्थेच्या संकेतस्थळावर जुळवून घ्यावा. संपूर्ण दागिन्याचं प्रमाणपत्र असेल तर त्यात खडे जडवलेल्या अवस्थेतच तपासलेले असतात. त्यामुळे सॉलिटेअरला सुट्या खड्याचं प्रमाणपत्र मागणं योग्य.

बिलावर हिऱ्याचं वजन, प्रकार आणि दर, सोन्याचं निव्वळ वजन आणि दर, घडणावळ व जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. हिऱ्यासकट वजन करून त्या सगळ्याला सोन्याचा भाव लावला, तर ग्राहक हिऱ्याचे पैसे दोनदा देतो. परतीचा नियमही तोंडी नको, बिलावर लेखी हवा.

थोडक्यात काय?

पूर्वी दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘किती कॅरेटचा?’ हा असायचा. आता तो तिसरा प्रश्न झाला आहे. पहिला, नैसर्गिक की लॅबग्रोन, आणि का? दुसरा, घडण उत्तम आहे का? मग बोटाला आणि कामाला साजेसा आकार. रंग आणि स्वच्छता शेवटी, तीही डोळ्यांना फरक दिसेल तिथपर्यंतच. या क्रमाने गेलेल्या ग्राहकाला कमी पैशांत जास्त लखलखणारी अंगठी मिळते. उलट क्रमाने गेलेला बहुधा प्रमाणपत्रावरची अक्षरं विकत घेऊन येतो. हिरा किती मोठा यावरून आता कुणाचीच ऐपत कळत नाही. त्यामुळे मांडवातल्या कुजबुजीसाठी कर्ज काढून मोठा हिरा घेण्याचं कारणही उरलेलं नाही.